मशीन लावूनही थकवा जात नाही, तेव्हा

स्लीप अ‍ॅप्नियाचं म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराचं निदान झालं, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारी सीपॅप मशीन घरी आली, महिना उलटला, तरी माणूस तसाच. दुपारी दुकानाच्या गल्ल्यावर डोळे मिटतात, संध्याकाळी बातम्या लावल्या की मान कलते. मग घरात कुजबुज सुरू होते, "एवढे पैसे घातले, फरक काय पडला?" आणि थोड्याच दिवसांत मशीन पिशवीत जाऊन कपाटावर चढते. गोव्यात, फोंड्यात आणि आजूबाजूच्या गावांत माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत ती अशी कपाटावर आहे. इतका नेमका उपाय हाताशी असताना लोक तो अर्ध्यावर सोडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्याकडे यजमान ही मशीन वापरतात. माझं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलं. मिळेल ते वाचून आणि छातीच्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजलं, ते इथे सांगते.

मशीन एकच काम करते. झोपेत घशाची वाट मिटू देत नाही. थकव्याची दुसरी दहा कारणं असली तर ती तिच्या हातात नाहीत. म्हणून थकवा राहिला की "मशीन चालते की नाही" एवढंच विचारून भागत नाही. झोपेच्या सगळ्या वेळात ती लागते का, हवा गळून जात नाही ना, दाब पुरेसा आहे का, हे आधी पाहायचं. ते सगळं ठीक असेल तर मग थकवा आणखी कुठून येतो, ते शोधायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे. लोक शेवटून सुरुवात करतात. जीवनसत्त्वाच्या गोळ्या, शक्तिवर्धक चूर्णं, झोपेची गोळी आणि मग मशीन बंद, अशी गाडी जाते.

घशात काय घडतं

झोप लागली की अंगाचे सगळे स्नायू सैलावतात, तसे घशाचेही. काहींच्या घशाची वाट मुळात अरुंद असते, काहींच्या मानेभोवती चरबी असते, काहींचा जबडा मागे असतो. पातळ प्लास्टिकच्या नळीतून जोरात ओढलं की तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात, तसा श्वास ओढताना यांचा घसा मिटतो. छाती आणि पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला की त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, एक मोठा घोरण्याचा आवाज, आणि पुन्हा झोप. सकाळी यातलं काहीही आठवत नाही. श्वास पूर्ण थांबण्याचे किंवा अर्धवट अडण्याचे तासाला ५ ते १५ अडथळे म्हणजे सौम्य आजार, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. रिपोर्टवर 'एएचआय' म्हणून जो आकडा असतो तो हाच.

ऑस्ट्रेलियातले डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये यावर एक साधा तोडगा जगापुढे मांडला. नाकावर मास्क लावून हलक्या दाबाची हवा सतत आत सोडायची. त्या हवेचा घशाला आतून टेकू मिळतो आणि तो मिटत नाही. त्याआधी तीव्र आजाराच्या रुग्णाला गळ्याला भोक पाडण्याचं ऑपरेशन सांगत. आजच्या मशीन लहान आणि शांत झाल्या आहेत, पण तत्त्व तेच. दाब पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात. बहुतेक मशीन ४ ते २० या पट्ट्यात चालतात.

पडद्यावरचा आकडा किती खरा?

सकाळी मशीनच्या पडद्यावर हसरा चेहरा येतो, एएचआय २ किंवा ३ दिसतो, आणि माणूस म्हणतो, "बघा, मशीनच सांगते मी बरा आहे, पण अंगात तर जीव नाही." इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. तुम्ही झोपलात की नुसते पडून आहात, हे घरच्या मशीनला कळत नाही. तिला फक्त हवेचा प्रवाह दिसतो. अडथळ्यांचा आकडा ती मशीन चालू असलेल्या तासांनी भागते. तुम्ही मास्क लावून दोन तास छताकडे बघत जागे असाल, तर त्या दोन तासांत अडथळे होणारच नाहीत आणि सरासरी छान दिसेल. ऑक्सिजन किती उतरला, हेही नेहमीची घरगुती मशीन मोजत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मास्क काढून ठेवल्यानंतरच्या तासांत काय झालं, याची तिच्याकडे नोंदच नसते.

आमच्याकडे गुंता सुटला तो या शेवटच्या मुद्द्यावरून. यजमान रोज साडेदहाला मास्क लावून झोपत. पहाटे साडेतीन-चारला लघवीला उठत, मास्क काढून उशीशेजारी ठेवत, आणि परत येऊन तसेच आडवे होत. त्यांना स्वतःला वाटे की रात्रभर मशीन लावली. मला मात्र अंधारात पुन्हा घोरणं ऐकू येई, मध्येच ते थांबे, आणि मी त्यांच्या पुढच्या श्वासाची वाट पाहत पडून राही. डॉक्टरांनी मशीनमधलं नोंदींचं कार्ड काढून संगणकावर आलेख उघडला, तेव्हा रोजची पट्टी त्याच सुमाराला तुटलेली दिसली.

आता ही पहाटच का महत्त्वाची? झोप दीडेक तासाच्या फेऱ्यांनी चालते आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी स्वप्नांची झोप येते. तिला रेम झोप म्हणतात. रात्रीच्या पहिल्या भागात ती थोडी असते, शेवटच्या तिसऱ्या भागात सगळ्यात जास्त. या झोपेत अंगाचे स्नायू जवळजवळ पूर्ण ढिले पडतात, त्यामुळे पुष्कळ जणांचा अ‍ॅप्निया इथे सगळ्यात वाईट असतो. श्वास जास्त वेळ थांबतो, ऑक्सिजन जास्त खाली जातो. म्हणजे पहाटे मास्क काढणारा माणूस नेमक्या धोक्याच्या तासांत उपचाराविना झोपतो. पडद्यावर मात्र "५ तास, एएचआय २" असं देखणं चित्र.

यावरचा उपाय फार सोपा आहे. उठताना मास्क काढायचाच नाही. बहुतेक मास्कना नळी झटकन सुटेल असा जोड असतो. नळी सोडा, मास्क तोंडावर ठेवूनच न्हाणीघरात जाऊन या, परत येऊन नळी जोडा. अंधारात मास्क शोधा, पट्टे सरळ करा, या खटपटीचा कंटाळाच माणसाला मास्कविना झोपवतो. अनेकांच्या रात्रीच्या फेऱ्या मशीन नीट लागल्यावर आपोआप कमीही होतात. श्वास अडकला की छातीत ताण निर्माण होतो, हृदय लघवी वाढवणारं एक संप्रेरक सोडतं, आणि मूत्राशय भरतं. घसा उघडा राहिला की ते सोडणं कमी होतं. रात्री तीनदा उठणारा माणूस एकदाच उठू लागला, तर थकवा अजून असला तरी उपचार लागू पडतोय असं समजायला हरकत नाही.

चार तासांचा गैरसमज

मशीन विकणारे आणि कधीकधी डॉक्टरही सांगतात, "रोज ४ तास लावा, पुरे." हा आकडा मुख्यतः अमेरिकेतल्या विम्याच्या नियमातून प्रसिद्ध झाला. ७० टक्के रात्री किमान ४ तास वापर असेल तर विमावाले मशीनचे पैसे देत राहतात. ती पैसे देण्याची खालची रेघ आहे, बरं होण्याची नव्हे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमकं हेच तपासलं होतं. माणसाला स्वतःला जाणवणारी झोपाळू अवस्था सुधारायला साधारण ४ तास पुरत होते. प्रयोगशाळेत मोजलेली झोपाळू अवस्था सुधारायला ६ तास लागत होते, आणि रोजची कामं पूर्वीसारखी व्हायला साडेसात तास. २०१६ मध्ये २,७१७ रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीत मशीन देऊनही हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. त्यात मशीनचा सरासरी वापर रात्रीला जेमतेम ३.३ तास होता. इतक्या कमी वापरातही लोकांची दिवसाची झोपाळू अवस्था मात्र कमी झाली होती. माझं मत असं की "किती तास" हा प्रश्न सुटेपर्यंत दुसरा कुठलाही प्रश्न काढू नये.

गोव्यात या हिशेबात एक खास गोष्ट येते, ती दुपारची झोप. एक वाजला की दुकानं बंद, जेवण, आणि तासभर आडवं होणं ही आपली जुनी पद्धत. या झोपेला कुणी मशीन लावत नाही. "अर्धा तास तर पडायचं, त्याला कुठे ते सगळं?" पण तो अर्धा तास दीड तासाचा होतो, घसा त्या दीड तासात पुन्हा पुन्हा मिटतो, माणूस चार वाजता डोकं जड घेऊन उठतो आणि दोष मशीनला देतो. शिवाय लांबलेल्या वामकुक्षीमुळे रात्री झोप उशिरा लागते, मास्क लावून जागं पडावं लागतं, आणि मास्कचाच राग येऊ लागतो. दुपारी झोपायचंच असेल तर २०-३० मिनिटं, तीनच्या आत, आणि मशीन लावून. नव्या माणसाला तर दुपारी मशीन लावण्याचा दुहेरी फायदा आहे. उजेडात, घाई नसताना मास्कची सवय होते.

दुसरी गोष्ट, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. वास्कोला किंवा पर्वरीला फ्लॅटमध्ये राहणारा माणूस चवथीला मूळ घरी जातो. तिथे सगळे चुलते-पुतणे एका चौकात चटया टाकून झोपतात. त्या घोळक्यात तोंडावर मास्क लावायची लाज वाटते, म्हणून मशीन फ्लॅटवरच राहते. जत्रेच्या रात्री नाटक पाहून पहाटे घरी आलेला माणूसही तसाच आडवा होतो. एकदोन रात्री मशीन सुटली तरी पुष्कळांची दिवसाची झोप परत येते. चवथीहून परतल्यावरची मरगळ नुसती नेवऱ्या-पातोळ्यांची आणि जागरणाची नसते. मशीन गणपतीच्या सामानाबरोबर गाडीत घालावी. पहिल्या रात्री मुलं जमून बघतात, दुसऱ्या रात्री कुणी लक्षही देत नाही, आणि तिसऱ्या दिवशी एखादे काका हळूच विचारतात, "मीही फार घोरतो, हे कुठे तपासतात?"

गळती, आणि इथली हवा

तास पुरेसे आहेत, तरी थकवा आहे, तर मग मास्क पाहायचा. मास्कमधून थोडी हवा बाहेर जायलाच हवी. उच्छ्वास बाहेर पडावा म्हणून त्याला बारीक भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. घात करते ती कडेने किंवा तोंडातून होणारी गळती. हवा गळली की घशात दाब पोचत नाही, आणि गळतीच्या आवाजाने, डोळ्यांवर येणाऱ्या झोताने झोप सारखी चाळवते. ही चाळवाचाळव एएचआयच्या आकड्यात दिसत नाही.

गळती दिसली की लोक पट्टे करकचून आवळतात. त्याने नाकाच्या दांड्यावर वळ उठतात आणि रबर वेडंवाकडं होऊन गळती वाढते. मास्क बसवायचा तो आडवं होऊन आणि मशीन चालू करून, कारण बसलेल्या माणसाचा चेहरा आणि झोपलेल्याचा चेहरा यांत फरक असतो. आपल्याकडे रात्री तोंडाला, केसांना खोबरेल लावायची सवय पुष्कळांना आहे. तेलावर सिलिकॉन टिकत नाही, घसरतं, आणि लवकर खराबही होतं. झोपण्यापूर्वी तोंड साबणाने धुवा, आणि सकाळी मास्कची उशी सौम्य साबणाने. दाढी राखणाऱ्याला नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क बरा पडतो.

सकाळी तोंड कोरडंठाक असेल तर बहुधा तोंड उघडून हवा जाते आहे. याचं मूळ अनेकदा नाकात असतं. आपल्या दमट हवेत भिंतींना बुरशी धरते, गाद्यांत धुळीचे किडे वाढतात, नाक वर्षातले कितीतरी महिने चोंदलेलं. चोंदलेल्या नाकाचा माणूस नाकाच्या मास्कवर झोपणार कसा? मिठाच्या पाण्याने नाक धुणं, डॉक्टरांनी दिलेला नाकाचा स्टेरॉइड स्प्रे, नाकाचं हाड फारच वाकडं असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांचा सल्ला, हे आधी. त्यानेही तोंड मिटत नसेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क.

पावसाळ्यात आणखी एक कटकट होते. मशीनच्या ह्युमिडिफायरमधून ऊबदार ओली हवा निघते, खोलीत एसी चालू असतो, थंड नळीत त्या वाफेचं पाणी होतं, आणि मध्यरात्री नाकावर थेंब पडून माणूस दचकून उठतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओलाव्याची मात्रा खाली आणा, एसीचं तापमान थोडं वर ठेवा, नळी पांघरुणाखालून घ्या आणि मशीन पलंगाहून खाली ठेवा, म्हणजे पाणी नाकाकडे न येता मागे उतरेल. टाकीत औषधांच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घालावं. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा क्षार तळाला धरतो. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाकी वाळवायची, आणि फिल्टर हातात घेऊन बघायचा. तो काळवंडला असेल तर बदलायचा. वीज जाते त्या रात्रींसाठी इन्व्हर्टर असेल तर ह्युमिडिफायरचा हीटर बंद करून मशीन चालवा, बॅटरी कितीतरी जास्त पुरते.

जुनी मशीन स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांना एकच सांगते. २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्स कंपनीने आपल्या लाखो मशीन परत मागवल्या होत्या, कारण आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याची भीती होती. जुनी घेताना मॉडेल त्या यादीत आहे का, ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

दाब

इथे आपण काही करायचं नाही, डॉक्टरांनी करायचं. पण विचारायचं काय, ते माहीत असावं. आपोआप दाब बदलणारी मशीन अनेकदा ४ ते २० या पूर्ण पट्ट्यावर तशीच सोडून दिलेली असते. काहींना ४ वर हवा अपुरी वाटते, जीव गुदमरतो, आणि तेच लोक "मला मशीन सोसत नाही" म्हणतात. त्यांना खालचा आकडा थोडा वाढवला तर बरं वाटतं. हे ऐकायला उलटं वाटतं, पण खरं आहे. उलट काहींचा दाब रात्री इतका चढतो की हवा पोटात जाते, सकाळी पोट फुगलेलं आणि ढेकरा. कार्डावरचा आलेख बघून डॉक्टर पट्टा अरुंद करतात, श्वास सोडताना दाब उतरवणारी सोय चालू करतात.

आणखी एक प्रकार आहे. काही जणांत घसा उघडा असतो, तरी श्वास थांबतो, कारण मेंदूच श्वासाचा हुकूम द्यायचा थांबतो. सीपॅप सुरू केल्यावर हा प्रकार काहींत नव्याने उमटतो, आणि पुष्कळदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपला आपण ओसरतो. तो टिकून राहिला, किंवा रुग्णाला हृदयाचा अशक्तपणा असेल, अफूजन्य वेदनाशामकं चालू असतील, तर वेगळा विचार लागतो. मशीनच्या नोंदींत हे अडथळे वेगळे दाखवलेले असतात. "माझ्या अडथळ्यांत घशाचे किती आणि मेंदूचे किती?" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

धीर किती धरायचा

काही माणसं पहिल्याच आठवड्यात नवी होऊन उठतात. त्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात, म्हणून बाकीच्यांना वाटतं की आपलंच काही बिघडलंय. प्रत्यक्षात पुष्कळांना काही आठवडे लागतात, काहींना दोन-तीन महिने. आजार ध्यानात येण्यापूर्वी वर्षानुवर्षं झोप तुटत आलेली असते. उंदरांवरच्या प्रयोगांत असंही दिसलंय की वारंवार ऑक्सिजन उतरल्याने मेंदूला जागं ठेवणाऱ्या पेशींनाच इजा होते. माणसांत काहींची झोपाळू अवस्था उत्तम उपचारानंतरही का उरते, याचं एक कारण हे असावं असं मानतात. नीट उपचार घेणाऱ्यांत अशी माणसं साधारण दहात एक असतात. बाकी थकलेल्यांचं कारण बहुधा शोधून सापडतं.

शोधताना आधी एक गोष्ट नीट बघायची. डोळे मिटतात, की अंगात बळ नाही? एपवर्थ नावाची एक छोटी प्रश्नावली आहे, मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केलेली. वाचत बसलात, टीव्ही बघताय, तासभर कुणाच्या गाडीत बसलात, जेवणानंतर शांत बसलात, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ मध्ये लिहायची. बेरीज १० च्या वर गेली तर झोपाळू अवस्था जास्त आहे. ज्याची बेरीज १५ आहे त्याची झोपच बहुधा अजून अपुरी किंवा तुटलेली. त्याच्या बाबतीत पुन्हा तास, गळती, दाब. ज्याची बेरीज ४ आहे, बाकड्यावर बसून झोप येत नाही, पण जिना चढताना पाय उचलत नाहीत, त्याच्या थकव्याचं मूळ बहुधा घशात नाही.

अशा वेळी रक्त तपासायला हवं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, ब१२. थायरॉइड मंद असेल तर वजन वाढतं, घशाच्या मऊ भागांना सूज येते, अ‍ॅप्निया वाढतो आणि थकवाही येतो, म्हणून ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रात्री पायांत वळवळ होऊन ते हलवल्याशिवाय राहवत नसेल तर फेरिटिन म्हणजे साठवणीतलं लोह पाहतात. ते कमी असेल तर लोह दिल्याने झोप सुधारू शकते. मग रोजची औषधं. सर्दीची काही औषधं, मधुमेहाच्या पायदुखीवरचं प्रीगाबालिन, झोपेच्या गोळ्या, यांची गुंगी दुसऱ्या दिवशी उरते. नैराश्यात माणूस झोपूनही थकलेलाच उठतो, हेही विसरू नये.

बायकांच्या बाबतीत हा शोध उलट्या दिशेने चुकतो. पाळी बंद झाल्यावर अ‍ॅप्नियाचं प्रमाण वाढतं, पण बाई घोरते हे घरात कुणी बोलत नाही. ती स्वतः थकवा, झोप न लागणं, सकाळचं डोकं दुखणं एवढंच सांगते. तिला लोहाच्या गोळ्या मिळतात, "टेन्शन घेऊ नका" मिळतं, झोपेची तपासणी मिळत नाही. या पानावर आलेल्या प्रत्येक बाईने याचा विचार करावा असं मला कळकळीने वाटतं.

शिफ्टवाल्यांचं दुखणं वेगळं. वेर्ण्याच्या औषध कारखान्यात रात्रपाळी करणारा, मांडवीतल्या कॅसिनोवर पहाटेपर्यंत उभा राहणारा, हॉटेलात पाळ्या बदलत काम करणारा माणूस सकाळी नऊला झोपतो आणि दोनला उठतो. मशीन पाचही तास लागली, पण झोपच पाच तासांची. मशीन झोप वाढवून देत नाही. खोली काळोखी करणं, पाळ्या सारख्या न बदलण्याची विनंती करणं, सुट्टीच्या दिवशी वेळ फार न उलटवणं, एवढंच हातात असतं, आणि तेही सोपं नाही.

दारूचं स्पष्ट बोलते. फेब्रुवारीपासून काजूची दारू, हुर्राक येतो, घरोघरी बाटल्या पोचतात. दारूने घशाचे स्नायू आणखी सैलावतात, श्वास जास्त वेळ अडकतो, आणि झोपेचा दुसरा अर्धा भाग तुटतो. बऱ्याच जणांच्या आलेखात पार्टीच्या रात्री वेगळ्या उठून दिसतात. घ्यायचीच असेल तर झोपण्याआधी तीन-चार तास, आणि त्या रात्री मशीन हटकून.

एवढं सगळं करूनही झोपाळू अवस्था उरली, तर डॉक्टर मोडाफिनिलसारखं जागं ठेवणारं औषध देऊ शकतात. अमेरिकेत या कारणासाठी त्याला २००४ पासून मान्यता आहे. युरोपच्या औषध नियामकांनी मात्र २०१० च्या फेरविचारात या आजारासाठी त्याचा वापर थांबवण्याची शिफारस केली. म्हणून ते स्वतःच्या मनाने घेण्याचं औषध नाही, आणि मशीनच्या ऐवजी तर नाहीच. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याने आजारच हलका होतो. टिर्झेपटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये स्थूल माणसांच्या मध्यम आणि तीव्र अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली. वर्षभराच्या चाचण्यांत तासाला सरासरी २५ ते २९ अडथळे कमी झाले होते. तरी वजन उतरलं म्हणून मशीन बंद करू नये. पुन्हा झोपेची तपासणी करून डॉक्टर सांगतील तेव्हाच.

तोवर गाडीचं काय? ज्याला सिग्नलला थांबल्यावर डुलकी येते, त्याने थकवा जाईपर्यंत स्टिअरिंग हातात घेऊ नये. फोंडा-पणजी एवढ्याशा अंतरातही नाही. दुचाकीवर तर नाहीच नाही. बसने जा, मुलाला सोडायला सांगा.

आणि डॉक्टरांकडे जाताना, मग ते बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) असोत की खासगीत, "बरं वाटत नाही" एवढं घेऊन जाऊ नका. मशीनचं कार्ड न्या, किंवा मशीनच न्या. मास्कही न्या, म्हणजे तो तिथेच आडवं होऊन लावून दाखवता येईल. दोन आठवडे वहीत झोपलेली वेळ, उठलेली वेळ, दुपारची झोप आणि मास्क किती वाजता काढला ते लिहा. सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घाला. आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्या, कारण पहाटे चारनंतर काय होतं, ते त्यालाच माहीत असतं.